देवमाशाला पन्नास मिनिटं

चौतीस वर्षं बसडेपोच्या काचेच्या खोलीत बसून ज्यानं हजारो माणसं गावोगाव धाडली, तो टाइमकीपर स्वतः घर आणि डेपो ह्यांच्या पलीकडे कधी गेला नव्हता. सरड्याची धाव कुंपणापर्यंत, तशी ह्याची डेपोच्या फाटकापर्यंत. पण गल्लीत कुणी चार दिवस बाहेरगावी निघालं की ह्याच्या सल्ल्यातून सुटका नव्हती. मागायची गरज नसायची, सल्ला तो आपणहून वाढायचा. खालच्या मजल्यावरचा औषधवाला एकदा चुकून बोलून गेला, "दोन दिवस समुद्रावर जाऊन येतो म्हणतो." झालं. टाइमकीपरनं त्याला जिन्यात पाऊण तास उभा केला. कुठली गाडी, कुठला फलाट, ऊन कुठल्या खिडकीला लागणार आणि लघवीला कुठे उतरायचं, हे सगळं त्याला लिहून दिलं. तेव्हापासून औषधवाला मागच्या जिन्यानं ये-जा करू लागला.

बायको हे सगळं एकतीस वर्षं पाहत आली होती. तोंड तिलाही होतं, पण ते ती कॉलेजात वापरायची. कॉलेजच्या जीवशास्त्राच्या प्रयोगशाळेत ती सत्तावीस वर्षं नोकरीला होती. काचेच्या बरण्या धुवायच्या, बेडकांच्या आणि सापांच्या बरण्यांतलं औषधी पाणी बदलायचं, सूक्ष्मदर्शकं पुसायची, आणि कोपऱ्यात लोखंडी दांडीला अडकवलेल्या माणसाच्या सांगाड्याच्या डोक्यावरची टोपी रोज संध्याकाळी काढून ठेवायची, कारण ती पोरं रोज दुपारी घालायचीच. पोरं तिला सांगाडेमावशी म्हणायची. तिला त्याचं काही वाटायचं नाही. जिवंत माणसांपेक्षा हाडांचा स्वभाव बरा, हे तिचं मत तिनं घरी राहूनच बनवलं होतं.

त्या प्रयोगशाळेच्या भिंतीवर एक मोठा फोटो होता. परदेशातल्या कुठल्या तरी संग्रहालयात छताला टांगलेला देवमाशाचा सांगाडा. खाली टाय लावलेला एक माणूस उभा, तो माशाच्या जबड्याच्या निम्म्यातही येत नव्हता. फोटो तिच्या आधीपासून तिथे होता. फडकं मारता मारता नोकरीच्या तिसऱ्या वर्षी तिच्या लक्षात आलं, की कण्याच्या मागच्या भागाखाली दोन छोटी हाडं तारेनं लोंबती ठेवलीत. ती कशालाच जोडलेली नाहीत. तिला वाटलं, टांगणाऱ्यानं कामचुकारपणा केला. तिनं प्राध्यापकांना विचारलं. ते चष्मा पुसत म्हणाले, "मावशी, कामचुकारपणा नाही तो. ह्याचे पूर्वज जमिनीवर चालत होते. मग पाण्यात गेले. पाय गेले, ही एवढी दोन हाडं राहिली. आणि मासा म्हणू नका त्याला, तो पिल्लांना दूध पाजतो."

मासा म्हणायचं तिनं काही सोडलं नाही. पण ती दोन हाडं तिच्या डोक्यात बसली, ती चोवीस वर्षं उठली नाहीत. एवढा घर गिळणारा जीव, आणि त्याच्या पोटात कुणाला न दिसणारे, कामाला न येणारे पाय. ते तिला प्रत्यक्ष बघायचे होते. नवऱ्याला तिनं लग्नानंतर मोजून दोन गोष्टी मागितल्या होत्या. एक ओट्यावर पंखा, तो नवव्या वर्षी आला. दुसरा हा मासा. "तुझी निवृत्ती होऊ दे," तो म्हणायचा. ती झाली.

आणि मग टाइमकीपर कामाला लागला. त्याला मासा नको होता. त्याला कोष्टक हवं होतं. आख्खा परदेश हाताशी आला होता, तिथल्या रेल्वेची वेळापत्रकं फोनवर फुकट मिळत होती, आणि अडवायला डेपो मॅनेजर नव्हता. दोन महिने जेवणाचं टेबल त्यानं अडवलं. घरातली दोघं मांडीवर ताट घेऊन जेवली. डेपोतून निवृत्त होऊन येताना उचलून आणलेले जुने ड्युटीचे कागद त्यानं उलट्या बाजूनं वापरायला काढले. पट्टी, लाल पेन, निळं पेन. सहा दिवस, चार शहरं. शहरांची नावं त्याला उच्चारता येत नव्हती, म्हणून त्यानं ती आपल्या सोयीनं पाडली: राजवाड्याचं, पुलांचं, देवमाशाचं आणि डोंगराचं.

कोष्टकाचे पाच रकाने होते. क्रमांक, ठिकाण, पोच, सूट म्हणजे सुटायची वेळ, आणि शेरा. ती चष्मा लावून वाचत बसली.

"राजवाडा. पोच नऊ-दहा, सूट दहा-पाच. शेरा, आतल्या खोल्या एकसारख्याच." तिनं वर पाहिलं. "तुम्ही कधी पाहिल्या?"

"फोटो आहेत ना. एक खोली बघितली की सगळ्या बघितल्या."

"न्याहारी, बारा मिनिटं."

"बारा पुष्कळ झाली. आमचे ड्रायव्हर सात मिनिटांत जेवून, तोंड धुऊन सीटवर असायचे."

"जुना बाजार, चालता चालता. मोठा पूल, चालता चालता. चर्च, बाहेरून." तिचं बोट खाली सरकत गेलं आणि थांबलं. "देवमासा. पोच दहा-पाच, सूट दहा-पंचावन्न. शेरा, हाडे."

"हं."

"पन्नास मिनिटं?"

"त्यात सामान ठेवायची रांग धरलीय. निव्वळ मासा छत्तीस."

"आणि हे वर काय लिहिलंय, सहा-चाळीस ते दहा, फलाट?"

"गाडी सहा-चाळीसला पोचते. संग्रहालय दहाला उघडतं. तेवढा वेळ फलाटावर थांबा." बोलताना त्याचा चेहरा मऊ झाला. गाडी पोचली आणि पुढची सुटायला वेळ आहे, ह्याइतकं सुख त्याला दुसऱ्या कशात नव्हतं. "चांगला मोकळा वेळ ठेवलाय. तुलाच दम लागतो म्हणून."

फलाटाला तीन तास वीस मिनिटं आणि माशाला छत्तीस. छत्तीस तर छत्तीस. अजिबात नसण्यापेक्षा बरी, असा हिशेब ती आयुष्यभर करत आली होती आणि त्यात चांगली तरबेज झाली होती.

सोबत तिची धाकटी बहीण येणार होती. धाकटीचा दोन गल्ल्या सोडून लाँड्रीचा धंदा होता. कापडाला चिठ्ठी टोचणं, पावती फाडणं आणि गिऱ्हाइकाशी भांडणं ही तिन्ही कामं ती एका वेळी करायची. टाइमकीपर तिला जादा सामान म्हणायचा, तिच्या तोंडावरच. ती त्याला काय म्हणायची ते बहिणीलाच ठाऊक होतं.

निघायला आठ दिवस राहिले असताना, रविवारी दुपारी, टाइमकीपरनं दोघींना टेबलाशी बसवलं आणि पट्टीच्या टोकानं कोष्टक समजावून द्यायला घेतलं. धाकटी मटार सोलत होती. समोर एजंटकडून आलेल्या तिकिटांचे कागद पसरले होते. तिची बोटं शेंगांत आणि डोळे तिकिटांवर होते. दिवसभर पावत्या वाचणाऱ्या बाईसमोर कागद पसरणं हे त्याच्या हिताचं नव्हतं, पण ते त्याला कोण सांगणार.

"भाऊजी, मंगळवारी रात्री आपण झोपायचं कुठे?"

"वाचता येतं ना तुला? राजवाड्याच्या शहरात. हॉटेल क्रमांक एक."

"आणि पुलांच्या शहरात?"

"बुधवारी सकाळी सातला गाडी, साडेनऊला पूल. दिवसभर पूलच पूल. जेवण. मग रात्री बारा-वीसची गाडी, झोपायची सोय असलेली. गुरुवारी सकाळी तुझ्या ताईचा मासा. लहान पोराला कळेल."

"ते कळलं." धाकटीनं एक शेंग फोडली. "पण ह्या तिकिटावर लिहिलंय बुधवार, शून्य-शून्य-वीस."

"मग? बुधवारचीच गाडी आहे ती."

"भाऊजी, बुधवार लागतो कधी? मंगळवारी रात्री बाराला. शून्य-वीसला बुधवार फक्त वीस मिनिटांचा झालेला असणार. तेव्हा आपण राजवाड्याच्या गावात घोरतोय. आपण पुलांच्या गावात पोचायच्या नऊ तास आधी ही गाडी तिथून गेलेली."

टाइमकीपर हसला. त्याचं हसणं म्हणजे नाकातून सोडलेली हवा. "हे बघ मेव्हणीबाई, तू कोट धुतेस, छान धुतेस. गाड्यांचं राहू दे. डेपोत दिवस बाराला बदलत नाही. शेवटची गाडी आत आली, कंडक्टरनं तिकिटाची पेटी जमा केली, की दिवस संपतो. रात्री बारा-वीसची गाडी बुधवारच्या कागदावर लागते, कारण बुधवारच्या ड्रायव्हरनं ती चालवलेली असते. चौतीस वर्षं मी असंच लिहीत आलोय."

"तुमच्या डेपोत लिहीत असाल. तिकडच्या रेल्वेला कुणी सांगितलंय?"

"सगळीकडे हेच असतं."

"माझ्याकडेही संध्याकाळी सातनंतर आलेलं कापड मी दुसऱ्या दिवसाचं धरते," धाकटी म्हणाली. "पण ते पावतीवर छापलंय. ठळक. तरी रोज दोन माणसं भांडतात. तुमचा डेपोचा दिवस ह्या तिकिटावर कुठे छापलाय, दाखवा बघू."

टाइमकीपरनं पट्टी खाली ठेवली. "चौतीस वर्षांत माझ्या हातून एक गाडी चुकलेली नाही."

हे खरंच होतं. गाडी चुकायला आधी ती पकडायला निघावं लागतं. बायकोच्या हे अगदी जिभेवर आलं होतं. तिनं ते गिळलं आणि तिकीट हातात घेतलं. तीन नावं, तीन बर्थ. बुधवार, शून्य-शून्य-वीस. पन्नासातली ती छत्तीस मिनिटं ह्या कागदावर टांगलेली होती आणि हा कागद आता रद्दीच्या भावाचा होता.

"आण इकडे," म्हणून टाइमकीपरनं तिकीट घेतलं आणि तो गॅलरीत गेला. जाताना त्यानं टपालाच्या तिकिटांसाठी घेतलेलं भिंग खिशात टाकलं, कुणाला दिसणार नाही असं. स्वयंपाकघराच्या खिडकीतून गॅलरी दिसते हे त्याला एकतीस वर्षांत कळलेलं नव्हतं. तो ओट्याकडे कधी फिरकला असता तर कळलं असतं. ती खिडकीशी उभी राहून बघत राहिली. आधी त्यानं तिकीट लांब धरलं, मग जवळ धरलं, मग भिंगाखाली धरलं. मग तो बोटांवर वार मोजू लागला. तीनदा मोजले. तिसऱ्या वेळी त्याची मान मागून कानांपर्यंत लाल होत गेली. मग तो नुसताच उभा राहिला आणि समोरच्या इमारतीच्या वाळत घातलेल्या चादरींकडे बघत बसला.

वीस मिनिटांनी आत आला तेव्हा मान पुन्हा ताठ होती. पडलो तरी नाक वर. त्यानं लाल पेन उचललं, पट्टी ठेवली आणि तिसऱ्या शहरावर एक सरळ रेघ मारली. रेघ मात्र सुंदर होती, कुठे थरथर नाही.

"मार्गात सुधारणा केलीय," तो म्हणाला.

"काय खोडलंत?" बायकोनं विचारलं.

"तिसरा थांबा. मी आत्ता सगळ्या बाजूंनी विचार केला. बुधवारी रात्री पुलांच्याच शहरात मुक्काम, गुरुवारी दिवसाउजेडी सरळ डोंगर. त्या मधल्या शहरात आहे काय शेवटी? हाडं. हाडं काय, तू सत्तावीस वर्षं बघितलीस. डोंगरावर रोपवे आहे, साडेतीनची वेळ मिळालीय, ती हातची घालवायची का?"

"म्हणजे मासा गेला."

"मासा कुठे जातोय? शंभर वर्षं टांगलेला आहे तो. पुढच्या खेपेला."

पुढची खेप तिच्या चांगल्या ओळखीची होती. पुढच्या खेपेला थंड हवेचं ठिकाण होतं, पुढच्या खेपेला समुद्र होता, प्राध्यापकांच्या निरोपाचा कार्यक्रम बाहेरगावी होता तोही पुढच्या खेपेलाच होता, आणि प्राध्यापक तर पुढची खेप यायच्या आधी वारलेसुद्धा. ह्या माणसाच्या डेपोत पुढची खेप नावाची एक गाडी कायम फलाटाला लागलेली असायची आणि ती कधी सुटत नव्हती.

"अहो," ती म्हणाली, "एकच सांगा. तिकीट चुकलं ना?"

"चुकलं काय त्यात? सुधारलं."

"सुधारलं म्हणजे आधी चुकलेलं होतं."

"शब्दाचा कीस काढू नकोस. मी चार शहरं सांभाळतोय, तुझं एका माशावर अडलंय."

"हो, अडलंय," ती म्हणाली. धाकटीनं मटारावरून नजर वर केली. ताईचा हा आवाज तिनं लहानपणी एकदा ऐकला होता, आणि तेव्हा शेजारच्यांचा कुत्रा दोन दिवस त्यांच्या अंगणात आला नव्हता.

त्या दिवशी त्यावर आणखी बोलणं झालं नाही. टाइमकीपरनं नवा कागद घेतला आणि तीन शहरांचं नवं कोष्टक आखायला घेतलं. शीळ घालत होता. देवमाशाचे तीन तास वीस मिनिटं फलाट आणि पन्नास मिनिटं हाडं असं सगळं मिळून त्याला चार तास दहा मिनिटं मोकळी सापडली होती, आणि तेवढ्यात त्यानं दोन किल्ले आणि एक घड्याळाचा मनोरा बसवला. बाहेरून.

सोमवारी सकाळी ती तिकिटांचे कागद पिशवीत घालून एजंटकडे गेली. एजंटचं दुकान म्हणजे एक काउंटर, तीन खुर्च्या, प्लास्टिकचं एक विमान ज्याचा एक पंख सेलोटेपनं चिकटवलेला, आणि भिंतीवर उन्हानं निळे पडलेले बर्फाचे फोटो. एजंट पन्नाशीचा, डोळ्यांखाली काळी वर्तुळं असलेला माणूस होता. लोकांच्या सहली ठरवून ठरवून त्याचा सहलींवरचा विश्वास उडालेला होता. त्यानं तिकीट पाहिलं आणि नजर टेबलावर वळवली.

"बाई, मी साहेबांना विचारलं होतं. म्हटलं, साहेब, बुधवार की गुरुवार? नीट बघून सांगा. ते म्हणाले, मला वेळापत्रक शिकवू नकोस, तुझ्या जन्माआधी मी गाड्या सोडत होतो. आता माझं वय बावन्न आहे. पण म्हटलं, जाऊ दे." त्यानं ड्रॉवरमधून चिठ्ठी काढून समोर ठेवली. नवऱ्याचंच अक्षर होतं, दोरीत ओवल्यासारखं. बुधवार, ००.२०. खाली दोनदा अधोरेखित.

"बदलता येईल?"

"येईल की. गुरुवारचं शून्य-वीस घेऊ, जागा आहेत. मग तुमचं आहे तसं चारही शहरांचं जमेल."

आहे तसं म्हणजे परत फलाट, परत पन्नास मिनिटं, परत सामानाची रांग, आणि मानेवर घड्याळ घेऊन उभा असलेला तो. मासा डोक्यावर टांगलेला असेल आणि हा खालून म्हणेल, चला, आठ मिनिटं राहिली. आयुष्यात पहिल्यांदाच तिनं छत्तीस मिनिटांचा हिशेब अर्ध्यावर सोडला.

"मला चार शहरं नकोत," ती म्हणाली. "पहिल्या शहरात विमान उतरतं तिथे एक रात्र ठेवा. दुसऱ्या दिवशी उजेडात निघणारी गाडी, सरळ माशाच्या गावाला. परत येईपर्यंत तिथेच."

एजंटनं बोटांवर मोजलं. "चार दिवस होतात, बाई. एकाच गावात? तिथे तसं दुसरं काही..."

"मला दुसरं नकोच आहे."

"पूल फार सुंदर आहेत हो. लोक नुसते पुलांसाठी जातात."

"पूल मी बघितलेत. आमच्या घरी दोन महिने टेबलावर होते."

एजंट पहिल्यांदा हसला. त्यानं कीबोर्ड ओढला, बराच वेळ टकटक केली, एक गाडी शोधली, संग्रहालयाच्या मागच्याच रस्त्यावरचं एक हॉटेल शोधलं. मग बोटं थांबवून त्यानं विचारलं, "तिघांचं करू?"

इथे ती अडली. हो म्हणणं सोपं होतं. तिघांचं झालं असतं, तो आदळआपट करत आला असता, आणि पहिल्या दिवशी गाडीत बसता बसता सगळ्या डब्याला सांगितलं असतं की एजंटनं घोळ घातला आणि आपण निस्तरला. मग माशाच्या गावातही नवा कागद निघाला असता. ती ह्या माणसाला ओळखून होती. जे त्याच्या लेखी चुकलंच नाही, ते तो दुसऱ्यांदा अगदी तसंच करणार.

"थांबा," म्हणून तिनं फोन काढला. पलीकडून तिसऱ्या घंटेला त्यानं उचलला.

"अहो, मी एजंटकडे बसलेय."

"कशाला? कोष्टक तयार होतंय माझं."

"तिकिटं बदलतेय. मी आणि धाकटी, चार दिवस माशाच्या गावात."

पलीकडे पट्टी खाली ठेवल्याचा आवाज आला. "डोकं फिरलंय का तुझं? चार दिवस? हाडांपाशी?"

"तुमचंही बदलते. आनंदानं बदलते. फक्त एवढं म्हणा, माझं चुकलं. मला एकटीला म्हणा. दुकानात कुणी ऐकत नाही."

एजंटनं लगबगीनं सेलोटेप शोधायला घेतला.

"चार्ट बरोबर आहे," तो म्हणाला. "तुम्हा लोकांना वाचता येत नाही, त्याला मी काय करू?"

"बरोबर आहे ना? बघा हं."

"आणि मी असल्या भरकटलेल्या सहलीला यायचा नाही. सांगून ठेवतो. मी येतच नाही मग."

हेही तिच्या ओळखीचं होतं. मी जेवतच नाही मग. मी बोलतच नाही मग. मी येतच नाही मग. ह्या प्रत्येक 'मग'पुढे एकतीस वर्षं ती वळून गेली होती, समजूत काढत, पाणी आणून देत. आज तिनं वाट बघितली, की आतून ते नेहमीचं काही उठतंय का. काही उठलं नाही.

"बरं," ती म्हणाली आणि फोन पिशवीत टाकला. "दोघींचंच करा."

पुढचे सात दिवस टाइमकीपर वाट बघत होता. आज ती म्हणेल, उद्या म्हणेल. तो जेवला, पण चवीनं नाही, निषेधानं. तीन शहरांचं कोष्टक पूर्ण करून त्यानं टेबलावर उघडं ठेवलं, तिला दिसेल असं. ती त्यावर ताट ठेवून जेवली. टेबल तिला दोन महिन्यांनी परत मिळालं होतं. गल्लीत त्यानं गुडघ्याचं कारण सांगितलं. औषधवाल्यानं सहानुभूतीनं गुडघ्याचं मलम पुढे केलं, ते घ्यावं लागलं, आणि दुसऱ्या दिवसापासून लोकांसमोर लंगडावंही लागलं. कधी डाव्या पायानं, कधी उजव्या.

निघायच्या दिवशी तो विमानतळावर आला. पोचवायला नव्हे, वेळ बघायला. विमान अकरा मिनिटं उशिरा सुटणार असल्याचं फलकावर झळकलं तेव्हा त्याचा चेहरा जरा खुलला. "बघितलंस? सुरुवातच अशी," तो म्हणाला. "माझ्या डेपोत अकरा मिनिटांचा खुलासा द्यावा लागायचा."

"फ्रीजमध्ये तीन दिवसांचं आहे," ती म्हणाली. "चौथ्या दिवसापासून तुमचं तुम्ही बघा. ओट्याची खिडकी उघडी ठेवत जा. तिथून गॅलरी छान दिसते."

तो काय समजायचं ते समजला असावा, कारण त्याची मान मागून लाल व्हायला लागली. ती आत गेली.

मासा फोटोपेक्षा मोठा होता. हे सगळ्यांनाच वाटतं, आणि सगळेच तेवढं म्हणून, मोबाइल वर करून, पुढच्या दालनात जातात. ती दोन दिवस हेच बघत होती. सहलीच्या बसमधून उतरलेला घोळका यायचा, छत्री धरलेली बाई काहीतरी पाठ म्हणायची, चाळीस मोबाइल वर जायचे आणि तीन मिनिटांत दालन रिकामं. छत्तीसही नाही. आपला नवरा काही जगावेगळा नव्हता, तो फक्त लिहून ठेवत होता, एवढंच. ह्या माणसांना एवढ्या लांबून आणून कुणी काय मिळवलं, तिला कळेना. जबड्यावर बोटभर धूळ होती. त्याकडेही कुणाचं लक्ष नव्हतं. संग्रहालयाच्या गणवेशातला माणूस खुर्चीवर बसून नखं बघत होता. तिनं त्याच्याकडे आपल्या कॉलेजात शिपायाकडे बघायची तसं बघितलं. तो उठून उभा राहिला, का ते त्यालाही कळलं नसावं.

ती रीतीनं बघत होती. पहिला दिवस कवटीला गेला. दुसऱ्या दिवशी मानेचे मणके, मग फासळ्या, एकेक, डावी आणि उजवी. फोटोत न दिसणारे खिळे, तारा, एका फासळीला जुनी जोड. घाईनं मागे जाऊन ती दोन हाडं आधी बघायचा मोह तिला झाला नाही. जेवणाऱ्यानं गोडावर आधी हात मारू नये, आणि आता तिला उठवणारंही कुणी नव्हतं. धाकटी बाकावर पाय वर घेऊन बसली होती, तिनं ह्या दोन दिवसांत तिथल्या येणाऱ्या-जाणाऱ्यांच्या कोटांचे डाग मोजले होते.

दुपारी तीनच्या सुमाराला धाकटीचा फोन वाजला. ती दालनाच्या दाराशी जाऊन बोलली आणि हात फोनवर ठेवून परत आली.

"भाऊजी आहेत. विचारतायत, बघून झालं का?"

ताई फासळ्यांखाली उभी होती, मान वर, एक हात कमरेवर.

"सांग त्यांना, अजून शेपटीकडे जायचंय."